डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींसाठी एकच इलेक्ट्रिक सायकल? आधी मोटर बंद करून चालवून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोज कामावर जाताना एका बाजूने १८ किलोमीटर डांबरी रस्ता, त्यात मध्येच दीड किलोमीटरचा ८ टक्क्यांचा चढ. आठवड्यातून एकदा ४० किलोमीटरची भटकंती, त्यातले बाराएक किलोमीटर खडी, माती आणि झाडीतली पायवाट. तुमचं वजन ७८ किलो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. निवड दोन सायकलींवर येऊन थांबली आहे. पहिली १५ किलोची: मागच्या चाकात ४० न्यूटन-मीटरची (न्यूटन-मीटर म्हणजे फिरवण्याच्या जोराचं माप) मोटर, फ्रेमच्या आत कायमची बसवलेली २५० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरी, ४० मिलिमीटरचे टायर, रेसरसारखं खाली वळलेलं हँडल. दुसरी २३ किलोची: पेडलपाशी ७५ न्यूटन-मीटरची मोटर, काढता येणारी ५०० वॉट-अवरची बॅटरी, पुढे सस्पेन्शन, ५० मिलिमीटरचे टायर, सरळ हँडल. दोन्हीकडे खरंच चालेल अशी यातली कोणती, आणि कंपनी सांगते ती रेंज खरी मानायची का, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं सायकली दुरुस्त करतो. अलीकडे हाताखाली येणाऱ्यांत इलेक्ट्रिकच जास्त असतात, आणि मी स्वतःही एक चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो. दोन्ही सायकली चुकीच्या नाहीत. पण तुम्ही तुलना मोटर आणि बॅटरीच्या आकड्यांपासून सुरू केली आहे आणि घोळ तिथेच होतो. सायकल अष्टपैलू होते ती टायर, गिअर, बसण्याची ढब आणि वजन यांच्यामुळे. मोटर या चौघांतले दोष झाकते, आणि चाचणीच्या दहा मिनिटांत तर फारच छान झाकते. घरी आणल्यावर महिनाभराने मनगट दुखायला लागतं तेव्हा ती काही मदत करत नाही.

म्हणून माझ्याकडे कोणी सायकल निवडायला सोबत या म्हणालं, की मी पहिली वीस मिनिटं मोटर बंद ठेवायला लावतो. विक्रेत्याला हे आवडत नाही. पण या वीस मिनिटांत पुष्कळ कळतं. हँडल लांब पडतंय का, खडीवर पुढचं चाक भरकटतंय का, पेडल थांबवल्यावर सायकल सहज घरंगळते की कशाला तरी घासल्यासारखी थबकते, सगळं. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर. तिच्यात आत गिअर असतील तर फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा आणि एरवी मोकळा फिरणारा भाग, असतं, त्यामुळे बंद मोटर जवळपास ओढ देत नाही. थेट फिरणाऱ्या, म्हणजे आत गिअर नसलेल्या, मोठ्या हब मोटरमध्ये चुंबकांची ओढ लागते. पहिल्या सायकलीतली मोटर यातली कोणती हे विचारून घ्या. १५ किलोच्या सायकलीत बहुधा छोटी गिअरवालीच असेल.

बंद मोटरचा हट्ट का? कारण रोजच्या रस्त्यावर तुम्ही मोटरच्या मर्यादेपलीकडे बराच वेळ असू शकता. युरोपच्या नियमात मोटरची सलग ताकद २५० वॉट आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. अमेरिकेतल्या तीन वर्गांपैकी दोघांत ही मर्यादा ताशी ३२ आहे आणि तिसऱ्यात ४५. तुमची सायकल २५ च्या नियमातली असेल आणि तुम्हाला सपाटीवर २८ ने जायची सवय असेल, तर त्या वेळी तुम्ही मोटर आणि बॅटरी नुसती वाहून नेता. सरळ बसून ताशी २५ ला साधारण १४० वॉट लागतात, ३० ला २२० च्या आसपास. वेग पाचच किलोमीटरने वाढतो, पण मेहनत दीडपटीच्या वर जाते, कारण वाऱ्याचा विरोध वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. इथे खाली वळलेलं हँडल आणि गुळगुळीत टायर जेवढी मदत करतात तेवढी ७५ न्यूटन-मीटर करत नाहीत. तुम्ही २२–२३ ने निवांत जाणारे असाल, तर मात्र हा सगळा परिच्छेद विसरून जा. तुम्ही कोणत्या वेगाने जाता हे प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि बरंचसं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आता न्यूटन-मीटर. ४० आणि ७५ एकाच तराजूत घालू नका. हब मोटरचा आकडा चाकावरचा असतो आणि पेडलपाशी बसलेल्या मोटरचा क्रँकवरचा, म्हणजे पेडल ज्या दांड्यांवर फिरतात तिथला. क्रँकवरचा जोर चेन आणि गिअरमधून चाकापर्यंत येतो, त्यामुळे तो गिअरप्रमाणे बदलतो. पुढे ४२ दात, मागे ४२ दात असताना ७५ चे चाकावर जवळपास ७५ च राहतात. मागे ११ चं चक्र लावलं की त्याचे होतात २० च्या आतबाहेर, म्हणजे हब मोटरच्या निम्मे. अर्थात पेडलपाशी मोटर असलेली सायकल चढावर खरी चमकते ती हलका गिअर लावला तरच. जड गिअरवर चढ रेटणाऱ्यांची मोटर कुरकुरते आणि चेन लवकर संपते, असे गिऱ्हाईक माझ्याकडे नेमाने येतात.

उलट हब मोटरला सायकलीच्या गिअरशी देणंघेणं नसतं. चाक जितकं हळू फिरेल तितकी ती अकार्यक्षम होते आणि बॅटरीतली वीज कामाऐवजी उष्णतेत जाते. तुमच्या ८ टक्क्यांच्या चढाचा हिशोब करून बघू. तुम्ही, सायकल, पिशवी, पाणी मिळून १०० किलो धरले तर ताशी १५ ने चढायला एकूण ३८० वॉट लागतील. १५० तुम्ही द्या, २३० मोटर देईल. सहा मिनिटांचं काम. छोटी हब मोटर हे करू शकते, फार कुरकुर न करता. पायवाटेवर १५ टक्क्यांचा मातीचा चढ आला आणि वेग ताशी ७ वर आला, की चित्र पालटतं. चाक हळू फिरतंय, मोटर तापतेय, आणि काही सायकलींत स्वतःला वाचवायला ती मदत कमी करते, नेमकी तुम्हाला सगळ्यात जास्त हवी असते तेव्हा. असा चढ एक मिनिटाचा असेल तर काही बिघडत नाही. दहा मिनिटांचा असेल तर पहिली सायकल तुमच्यासाठी नाही. म्हणून पुढच्या भटकंतीत सगळ्यात खडा तुकडा घड्याळ लावून मोजा.

वजनाबद्दल एक गंमत सांगतो, कारण आठ किलोच्या फरकाने तुम्ही फार धास्तावलेले दिसता. तो दीड किलोमीटरचा चढ म्हणजे १२० मीटर उंची. ९८ किलो तेवढे वर न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ३२ वॉट-अवर लागतात, १०६ किलोंना साधारण ३५. फरक जेमतेम तीन वॉट-अवरचा, म्हणजे चढावर मोटर सोबत असताना आठ किलो जाणवतही नाहीत. ते जाणवतात जिन्यात, सायकल फाटकावरून उचलून पलीकडे ठेवताना, आणि पायवाटेवर अचानक आलेलं मूळ चुकवताना.

जिन्याचा हिशोब मात्र वरवर दिसतो त्याच्या उलटा आहे. १५ किलोच्या सायकलीची बॅटरी निघत नाही, म्हणजे चार्जिंगसाठी सायकल रोज वर न्यावी लागेल, किंवा खाली प्लगची सोय लागेल. २३ किलोची सायकल खाली कुलपात राहू शकते, वर न्यायची ती फक्त तीनेक किलोची बॅटरी. तेव्हा खाली सुरक्षित जागा असेल, तर तुमच्या घरापुरती जड सायकलच हलकी ठरते. जागा नसेल तर २३ किलो रोज दोन मजले चढवणं म्हणजे शिक्षा आहे. पहिल्या महिन्यात हौसेने कराल, पुढे सायकल वापरणंच कमी होईल. हे मी पाहिलंय.

रेंज. ५०० च्या बॅटरीला कंपनी सांगते तो १२० किलोमीटरसारखा आकडा खोटा नसतो, पण तुमचाही नसतो. ५०० ला १२० ने भागलं तर किलोमीटरला चार वॉट-अवर येतात. सपाट रस्ता, सगळ्यात कमी मदत, वारा नाही, हलका स्वार, असं जुळून आलं तर तेवढ्यात भागतं. माझ्या वहीतले आकडे असे आहेत: डांबरी सपाटीवर कमी मदतीत ४ ते ५ वॉट-अवर दर किलोमीटरला, मधल्या मदतीत ७–८, आणि चढउताराच्या कच्च्या वाटेवर १२ ते १५. या हिशोबाने तुमचा रोजचा ३६ किलोमीटरचा जाऊन-येऊन प्रवास, चढाचे ३० धरून, १७० ते २१० वॉट-अवर खाईल, तेही कमी मदत वापरलीत तर. २५० च्या बॅटरीत तो बसतो. पण बॅटरी काही वर्षांनी पाचवा हिस्सा गमावते असं धरून चाला. मग उरतात २०० आणि तुम्ही काठावर येता. कामाच्या ठिकाणी चार्जर ठेवता आला तर ही काळजीच मिटते.

भटकंतीच्या दिवशी बारा किलोमीटर कच्चे आणि अठ्ठावीस पक्के मिळून ३०० च्या आसपास लागतील. तिथे २५० ची बॅटरी हातचं राखून वापरावी लागेल: सपाटीवर बंद, चढावर चालू. मला हे आवडतं, बऱ्याच जणांना आवडत नाही. हलक्या सायकलींच्या काही प्रणालींना पाण्याच्या बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी मिळते, ती तुमच्या पहिल्या सायकलीला बसते का बघा. दुसऱ्या सायकलीला हा प्रश्नच पडणार नाही.

आता टायर. सगळ्यात कमी चर्चा यांची होते आणि सगळ्यात जास्त फरक यांनी पडतो. ४० मिलिमीटरचा टायर डांबरावर मस्त आणि दाबलेल्या मातीवर ठीक. सुट्या खडीवर मात्र तो तुम्हाला सतत सावध ठेवेल. ४५ ते ४७ वर मला दोन्ही जगांचा मेळ बसलेला वाटतो: मधोमध गुळगुळीत, कडेला छोटे दात. पहिल्या सायकलीच्या फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) ४५ बसतो का हे विचारा, आणि नुसतं विचारू नका, टायरच्या दोन्ही बाजूंना किती जागा आहे ते स्वतः बघा. ४५ बसवल्यावर दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे राहायला हवेत, नाहीतर पहिल्या चिखलात फ्रेमचा रंग खरवडून निघेल. जागा नसेल तर माझ्या लेखी ती रस्त्याचीच सायकल आहे, जाहिरातीत डोंगर दाखवला असला तरी.

हवेचा दाबही तितकाच महत्त्वाचा. नवे लोक टायर दगडासारखा कडक करतात आणि सायकल हादरते म्हणून सस्पेन्शन शोधत फिरतात. तुमच्या वजनाला ४५ च्या टायरमध्ये डांबरासाठी ४० पीएसआयच्या आसपास आणि कच्च्या वाटेसाठी ३० ते ३२ पासून सुरुवात करा, मागे दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर याच्या फार खाली जाऊ नका, दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस करून घेतलंत तर आणखी थोडं उतरता येतं.

यावरून सस्पेन्शन. हलक्या पायवाटेसाठी मला ते गरजेचं वाटत नाही. चांगला, हवेवर चालणारा फोर्क असेल तर नको म्हणणार नाही. पण साधा स्प्रिंगचा फोर्क दोन-अडीच किलोचा ऐवज असतो, डांबरावर उभं राहून पेडल मारताना डुलतो, आणि वर्षभरात आत पाणी-माती जाऊन आखडतो. दुसऱ्या सायकलीला कोणता आहे ते बघा, आणि तो हँडलजवळून किंवा फोर्कच्या माथ्यावरून घट्ट करता येतो का तेही.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत. जड सायकलीला पुढे १८० मिलिमीटरची चकती असावी, हलकीला १६० पुरते. यावर आणखी लिहीत नाही.

मोटर चालू करून करायची चाचणीही सांगतो. सगळ्यात कमी मदतीवर, खडीवर, चालण्याच्या वेगाने एक लहान गोल मारा. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर मोटर तुमच्या पायासारखीच हलकी वागते. नुसतं पेडल फिरतंय का एवढंच पाहणारा सेन्सर असेल तर ती अर्धं चक्कर झोपून राहते आणि मग धक्का देते. डांबरावर हे चालून जातं, सुट्या खडीवरच्या वळणात याच धक्क्याने माणसं पडतात. दोन रस्त्यांसाठी सायकल घेणाऱ्याने टॉर्क सेन्सर नसलेली घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. मग चढावर थांबून पुन्हा निघून बघा. जोरात पेडल मारता मारता पाय थांबवा आणि मोटर त्यानंतर किती ढकलत राहते ते बघा. पेडलपाशीच्या काही मोटरी क्षणभर ढकलतात. दगड ओलांडताना ते उपयोगी पडतं, अरुंद वळणात घाबरवतं. बॅटरी एक तृतीयांशावर आलेली असताना चाचणी करता आली तर उत्तम, कारण भरलेल्या बॅटरीवर सगळ्याच सायकली वाघ असतात.

हब मोटरवाल्या सायकलीबद्दल एक माझीच फजिती. माझी पहिली इलेक्ट्रिक सायकल तशीच होती. कच्च्या वाटेवर मागचं चाक पंक्चर झालं. पंप होता, ट्यूब होती, टायर उघडायच्या पट्ट्या होत्या. पण मोटरच्या आसाला मोठे नट होते आणि त्यांच्या मापाचा पाना मी घेतलाच नव्हता. त्यात मोटरच्या वायरचा जोड फ्रेमला पट्टीने आवळलेला. मी, सायकल दुरुस्त करणारा माणूस, सात किलोमीटर सायकल ढकलत आलो. तेव्हा तुम्ही पहिली घेतलीत तर मागचं चाक विक्रेत्यासमोर स्वतःच्या हाताने काढून परत बसवा. काही सायकलींत वायरचा जोड सुटसुटीत असतो, काहींत नसतो. नट असतील तर त्या मापाचा पाना पिशवीत कायमचा.

दुसरी घेतलीत तर खर्च चेनवर होईल. तुमचा आणि मोटरचा, दोघांचा जोर तिच्यातूनच जातो. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करायची सवय लावा. चेन मोजायची छोटी पट्टी मिळते, ती घ्या आणि झीज अर्ध्या टक्क्यावर गेली की चेन बदला. पुढे ढकललंत तर मागची चक्रंही बदलावी लागतात.

बॅटरी जपायचे नियम दोन्हींना सारखेच: कंपनीचाच चार्जर, शून्य अंशाखाली गारठलेली असताना चार्जिंग नाही, महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवणं, आणि घराबाहेर पडायच्या वाटेत ती चार्जिंगला न लावणं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुऊ नका. पावसात चालवायला हरकत नाही, फवारा मात्र बेअरिंगमध्ये आणि जोडांमध्ये घुसतो.

तुमच्या माहितीवर मी काय घेईन? आठवड्यात दोनशेहून जास्त किलोमीटर डांबर आणि बारा किलोमीटर माती, हे प्रमाण पाहता माझा कल पहिल्या सायकलीकडे आहे, तीन अटींवर: ४५ चा टायर बसला पाहिजे, टॉर्क सेन्सर असला पाहिजे, आणि कामाच्या ठिकाणी किंवा खाली चार्जिंगची सोय झाली पाहिजे. यातली एक जरी अडली, किंवा पायवाटेवरचा खडा चढ पाच मिनिटांपेक्षा लांब निघाला, तर दुसरी घ्या, आणि ती खाली कुलपात ठेवायच्या जागेची तजवीज सायकल घेण्याआधी करा. दुसरीवर डांबरासाठी कमी दातांचे टायर चढवले तर ती रोजच्या रस्त्यालाही बरीच सुटी होते.

तुमचा सपाटीवरचा नेहमीचा वेग आणि त्या खड्या तुकड्याला लागलेली मिनिटं, एवढे दोन आकडे इथेच लिहा. पहिल्या सायकलीच्या मागच्या फ्रेमचा फोटोही टाकलात तर टायरच्या जागेबद्दल नक्की सांगता येईल.